दोनने भागण्यापूर्वी : श्रीराम अभ्यंकरांच्या ‘शालेय बीजगणिता’ची चिकित्सा

‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या मासिकात १९७६ साली प्रा. श्रीराम अभ्यंकर यांचा चाळीस पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ‘हिस्टॉरिकल रॅम्बलिंग्ज इन अल्जिब्राइक जॉमेट्री अँड रिलेटेड अल्जिब्रा’ हे त्याचे नाव. बैजिक भूमितीच्या इतिहासातील मुक्त भटकंती असे त्याला मराठीत म्हणता येईल. गणितावरील उत्तम विवेचक लेखनासाठी दिले जाणारे शोव्हने पारितोषिक या निबंधाला १९७८ साली मिळाले. त्यातला एक विचार पुढे खूप गाजला. अभ्यंकर म्हणतात की बीजगणित तीन प्रकारचे असते. शाळेतले, म्हणजे बहुपदी, घातश्रेणी आणि समीकरणे सोडवण्याच्या रीती. महाविद्यालयातले, म्हणजे ग्रुप, रिंग, फील्ड, आयडिअल वगैरे. आणि विद्यापीठातले, म्हणजे फंक्टर आणि बाणांच्या आकृत्या. या तिघांत शाळेतले बीजगणितच सर्वांत समर्थ आहे. न्यूटन, चिर्नहाउस, सिल्व्हेस्टर, क्रोनेकर यांनी दिलेल्या प्रत्यक्ष आकडेमोडीच्या रीती आपण नव्या भाषेच्या दबावाखाली विसरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

शिक्षकाला हे विधान सुखावणारे वाटते, आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. विलेपार्ल्यातल्या शिक्षकांशी गप्पा मारताना मी ते दोन अगदी उलट कामांसाठी वापरलेले ऐकले आहे. एकाचे म्हणणे असे की, एवढा मोठा गणितीच शालेय बीजगणित पुरते म्हणतो, मग मुलांकडून भरपूर उदाहरणे घोटून घेतली म्हणजे झाले. ‘का’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न हवेत कशाला? दुसऱ्याचे म्हणणे असे की, अभ्यंकरांचे शालेय बीजगणित आणि आपले शालेय बीजगणित यांत फक्त नावाचे साम्य आहे. त्या गोष्टी त्यांना शोभतात, आपल्याला त्यांचा उपयोग नाही. माझ्या मते दोघेही चुकत आहेत, आणि ते का चुकतात हे अभ्यंकरांच्या संशोधनातच पाहायला मिळते. मी गणिती नाही, विज्ञानातला संशोधक आहे. पण पुढे जे मांडणार आहे ते पडताळून पाहायला दहावीचे बीजगणित पुरेल.

माणूस आणि त्याचे काम

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर हे गणिताचे प्राध्यापक. बालपण ग्वाल्हेरला गेले. पुढे ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले आणि त्याच काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व्याख्यानांनाही जात. १९५१ साली बी.एस्सी. होऊन ते हार्वर्डला गेले. तिथे ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. कोलंबिया, कॉर्नेल, प्रिन्स्टन, जॉन्स हॉपकिन्स असा प्रवास करून १९६३ साली ते पर्ड्यू विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राशी त्यांचे नाते कायम राहिले. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. १९७७ साली टाटा संस्थेने त्यांची विस्तार-पद्धतींवरची व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या टिपणांचे काम बलवंत सिंग यांनी केले होते. अभियंत्यांसाठी आणि वैज्ञानिकांसाठी लिहिलेले त्यांचे बैजिक भूमितीचे पुस्तक १९९० साली आले.

त्यांच्या संशोधनात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. वक्र किंवा पृष्ठ जिथे स्वतःला छेदते किंवा अणकुचीदार होते, तिथली गाठ कशी सोडवायची? सरळ रेषा प्रतलात वाकडीतिकडी पसरली असेल, तर ती पुन्हा सरळ करता येते का? आणि समीकरणाची मुळे परस्परांत किती प्रकारे अदलाबदल करू शकतात? वरवर पाहता हे तीन वेगळे विषय आहेत. परंतु तिन्हींच्या मुळाशी शाळेतलीच एक पायरी आहे, वर्ग पूर्ण करण्याची.

वर्ग पूर्ण करताना

क्ष² + ब·क्ष + क = ० हे वर्गसमीकरण घ्या. आपण ब चा निम्मा घेतो, त्याचा वर्ग मिळवतो व वजा करतो, आणि मधले पद नाहीसे होते. श्रीधराचार्यांची रीत याहून सुबक आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘बीजगणित’ ग्रंथात तिचा उल्लेख केल्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्या रीतीत समीकरणाला क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे, म्हणजे अपूर्णांक येत नाहीत. आपल्या समीकरणाला ४ ने गुणले की (२क्ष + ब)² = ब² − ४क असे मिळते.

आता एक वेगळे संख्याविश्व घेऊ. त्यात १ + १ = ० असते. हे विश्व विचित्र वाटले तरी अपरिचित नाही. जुन्या इमारतींच्या जिन्यात एकच दिवा वरच्या आणि खालच्या अशा दोन बटणांवर चालतो. एक बटण दाबले की दिव्याची स्थिती बदलते, दोन वेळा दाबले की पूर्वीसारखी होते. ‘दाबणे’ म्हणजे १ आणि ‘न दाबणे’ म्हणजे ०, असे मानले की १ + १ = ० हा नियम तयार झाला. सम-विषमाचे अंकगणितही हेच. या विश्वात आणखी संख्या घालून ते मोठे करता येते, पण १ + १ = ० हा नियम तसाच राहतो. याच रीतीने कोणतीही मूळ संख्या प घेऊन, १ ही संख्या प वेळा मिळवली की शून्य येते, अशीही विश्वे बनवता येतात. गणिती त्यांना ‘कॅरॅक्टरिस्टिक प’ची विश्वे म्हणतात.

जिन्याच्या दिव्याच्या विश्वात वर्ग पूर्ण करून पाहा. ब चा निम्मा घेता येत नाही, कारण २ म्हणजे ०, आणि शून्याने भागता येत नाही. श्रीधराचार्यांची रीतही कामी येत नाही. ४ ने गुणले की समीकरण ० = ० होऊन बसते आणि उरते फक्त ब² = ब². चुकीचे असे काही घडलेले नसते, पण हातीही काही लागत नाही.

चिर्नहाउसने सतराव्या शतकात हीच युक्ती वरच्या कोटींसाठी वापरली. न कोटीच्या समीकरणात दुसरे पद नाहीसे करायचे तर त्याच्या सहगुणकाला न ने भागावे लागते. प ने न ला पूर्ण भाग जात असेल तर कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये हा भागाकारच अशक्य होतो. अभ्यंकरांच्या प्रबंधातली मुख्य अडचण इथूनच सुरू होते. आपल्या नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी पृष्ठांवरच्या गाठी सोडवल्या होत्या. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये ते काम अभ्यंकरांनी केले. १९६६ साली त्यांनी त्रिमितीय वस्तूंसाठीही ते केले, पण प म्हणून २, ३ आणि ५ या संख्या वगळाव्या लागल्या. त्यांच्या रीतीत ६ पर्यंतच्या कोटीची समीकरणे हाताळावी लागत, आणि प त्याहून मोठा असला तरच भागाकार निर्धास्तपणे करता येतो. उरलेले तीन अपवाद दूर व्हायला कोसार आणि पिल्टां यांच्या २००८ व २००९ सालच्या निबंधांची वाट पाहावी लागली. दरम्यान १९६४ साली, झारिस्कींचेच विद्यार्थी हिरोनाका यांनी नेहमीच्या संख्यांसाठी हा प्रश्न सर्व मितींत सोडवला होता. तिथे भागाकार अडत नाही.

वाकडी रेषा सरळ करणे

दुसरा प्रश्न फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे. त हा काळ समजा. त्या क्षणी बिंदूचे स्थान क्ष आणि य या त च्या दोन बहुपदींनी ठरते. बिंदू प्रतलात एक वाट आखतो. ही वाट स्वतःला न छेदता आणि कुठेही अणकुचीदार न होता गेली आहे, असे केव्हा म्हणावे? क्ष आणि य वरून त परत काढता आला, आणि तोही केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार वापरून, तर. वाट स्वतःला छेदत असेल तर त्या ठिकाणी दोन निरनिराळ्या वेळांना क्ष आणि य सारखेच येतील, मग त परत कसा मिळणार?

उदाहरणार्थ, क्ष = त², य = त + त⁴. इथे य − क्ष² = त. त परत मिळाला. आता दोन्ही कोटी पाहा : २ आणि ४. लहान कोटीने मोठीला पूर्ण भाग जातो. अभ्यंकर आणि त्यांचे विद्यार्थी मोह यांनी १९७५ साली सिद्ध केले की नेहमीच्या संख्यांत असे होतेच. त परत मिळत असेल तर लहान कोटीने मोठ्या कोटीला पूर्ण भाग जातो. त्यामुळे मोठ्या बहुपदीतून लहान बहुपदीचा योग्य घात, योग्य सहगुणकासह, वजा करता येतो. मसावि काढताना करतो तसेच पुन्हा पुन्हा करत गेले की वाकडी रेषा शेवटी सरळ होते. विधान इतके साधे आहे की दहावीच्या मुलाला समजावे. सिद्धता मात्र लांबलचक आहे.

आता हेच जिन्याच्या दिव्याच्या विश्वात करून पाहू. क्ष = त⁴, य = त + त⁶. य चा वर्ग केला की त² + २त⁷ + त¹² येते; मधले पद शून्य, म्हणून य² = त² + त¹². क्ष³ = त¹². म्हणजे य² − क्ष³ = त². याचा घन त⁶. तो य मधून वजा केला की त उरतो : त = य − (य² − क्ष³)³. त परत मिळाला! पण कोटी आहेत ४ आणि ६, आणि ४ ने ६ ला पूर्ण भाग जात नाही. प्रमेय इथे खोटे ठरले.

ते का खोटे ठरले, हे सिद्धतेतच दिसते. अभ्यंकर-मोह यांचे मुख्य साधन म्हणजे बहुपदीचे ‘आसन्न मूळ’. वर्ग पूर्ण करण्याचीच ती वाढवलेली आवृत्ती आहे. दोन कोटींच्या मसाविने त्यात भागावे लागते. ४ आणि ६ चा मसावि २, आणि आपल्या विश्वात २ म्हणजे शून्य. शाळेत आपण ज्या भागाकाराकडे लक्षही देत नाही, त्याच्यावर हे सगळे प्रमेय उभे आहे.

याच परिसरात जाकोबी अटकळ आहे. केलर यांनी ती १९३९ साली मांडली आणि अभ्यंकरांनी सत्तरच्या दशकापासून तिचा खूप प्रसार केला. तिचे एका चलातले रूप सोपे आहे : बहुपदीचा विकलज शून्येतर स्थिरांक असेल तर ती बहुपदी रेषीय असते, म्हणून उलटवता येते. जिन्याच्या विश्वात त + त² चा विकलज १ + २त, म्हणजे १. तरीही त = ० आणि त = १ या दोन्ही किमतींना उत्तर ० येते, म्हणजे ती उलटवता येत नाही. नेहमीच्या संख्यांत, दोन चलांसाठी, मोह यांनी १९८३ साली १०० कोटीपर्यंत ही अटकळ खरी असल्याचे दाखवले. सर्वसाधारण प्रश्न मात्र अभ्यंकरांच्या हयातीत सुटला नाही.

एक न होणारी मुळे

तिसरा प्रश्न १९५७ सालच्या निबंधातला. त² + त = क्ष हे समीकरण घ्या. नेहमीच्या संख्यांत याचा विवेचक १ + ४क्ष. क्ष ची किंमत −१/४ झाली की दोन्ही मुळे एक होतात. जिन्याच्या विश्वात ४ म्हणजे ०, म्हणून विवेचक नेहमी १. मुळे कधीच एक होत नाहीत. त हे एक मूळ असेल तर दुसरे त + १. पडताळून पाहायला एक ओळ पुरते. नेहमीच्या संख्यांच्या जगात, संमिश्र संख्या घेतल्या तरी, असे अखंड समीकरण मिळत नाही. क्ष सर्व किमतींतून फिरला की कुठेतरी काही मुळे एकत्र येतात किंवा अनंताकडे निघून जातात.

कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये अशी समीकरणे विपुल असतात, हे अभ्यंकरांनी पुष्कळ उदाहरणे करून पाहिले आणि त्यावरून एक अटकळ बांधली. मुळांच्या परस्पर अदलाबदलींचा जो ग्रुप असतो, त्याला गाल्वा ग्रुप म्हणतात. अटकळ अशी : प, प², प³ अशा वेळा पुन्हा पुन्हा केल्यावर मूळपदावर येणाऱ्या क्रियांपासून जे जे सांत ग्रुप तयार होतात, ते सर्व अशा समीकरणांचे गाल्वा ग्रुप म्हणून मिळतात, आणि दुसरे कोणतेही मिळत नाहीत. सदतीस वर्षांनी, १९९४ साली, रेनो यांनी सरळ रेषेसाठी आणि हारबेटर यांनी इतर वक्रांसाठी ती सिद्ध केली. दोघांना १९९५ सालचे कोल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास अभ्यंकरांनी प्रत्यक्ष समीकरणे लिहून दाखवण्याचा सपाटा लावला होता. त्यातले एक पाहा, अर्थात १ + १ = ० च्या विश्वात :

य²³ + क्ष·य³ + १ = ०

फक्त तीन पदे. क्ष ची कोणतीही किंमत घ्या, याची २३ मुळे वेगवेगळीच राहतात. बारावीच्या विद्यार्थ्याला हे विकलजाने पडताळता येईल. विकलज य²²+ क्ष·य² येतो. दोन मुळे एक झाली तर तिथे विकलजही शून्य होईल. य शून्य असू शकत नाही, कारण मग समीकरण १ = ० होते. म्हणून क्ष = य²⁰. ही किंमत समीकरणात घातली की य²³ + य²³ + १, म्हणजे पुन्हा १ = ०. विसंगती आली, म्हणून मुळे एक होत नाहीत. या समीकरणाचा गाल्वा ग्रुप आहे मात्यू यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेला २३ वस्तूंवरचा प्रसिद्ध ग्रुप. त्यात १,०२,००,९६० क्रिया आहेत. एका ओळीच्या समीकरणात एवढे दडलेले असते. अभ्यंकरांना शालेय बीजगणिताचा एवढा अभिमान का होता, हे असे उदाहरण पाहिले की कळते.

दावा कुठे लंगडा पडतो

तरीही हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

पहिली अडचण म्हणजे अभ्यंकरांची स्वतःची साधने. त्यांच्या प्रबंधात क्रूल आणि झारिस्की यांच्या मूल्यांकन-सिद्धांताचा आणि स्थानिक रिंगांचा पदोपदी वापर आहे. त्यांच्याच वर्गवारीनुसार हे महाविद्यालयीन बीजगणित झाले. वर पाहिलेल्या मात्यू ग्रुपच्या उदाहरणातही मुळे वेगवेगळी राहतात एवढेच शालेय बीजगणित सांगते. ग्रुप कोणता, हे ठरवायला ग्रुपचे शास्त्र लागतेच. खुद्द अभ्यंकर अटकळ सिद्ध झाली ती त्यांनी तिसऱ्या प्रकारात टाकलेल्या साधनांनी. रेनो आणि हारबेटर यांच्या सिद्धतांत ‘शाळा’ शोधून सापडत नाही. निबंधाच्या ओघात ही उसनवारी नजरेआड होते. वाचक चार हसरे टोमणे ऐकतो आणि तीन बीजगणिते जणू एकमेकांशी भांडत आहेत अशी समजूत करून घेतो.

दुसरी अडचण तर्काची आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ‘रीत आहे’, ‘रीत नेहमी चालते’ आणि ‘उत्तर अस्तित्वात आहे’ ही तीन वेगळी विधाने आहेत. अभ्यंकरांचा सगळा भर पहिल्यावर असतो. पण आपल्याच परंपरेतले उदाहरण पाहा. ६१ ने एका वर्गाला गुणून १ मिळवला की दुसरा वर्ग यावा, अशा पूर्ण संख्या भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने काढल्या. सर्वांत लहान उत्तरच २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे प्रचंड आहे. ही रीत अप्रतिम आहे. मात्र ६१ च्या जागी वर्ग नसलेली कोणतीही पूर्ण संख्या घेतली तरी उत्तर मिळतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांज यांनी दिली. रीतीचा अभिमान बाळगावा, पण त्यामुळे हा दुसरा प्रश्न दिसेनासा होऊ नये. उलट हिल्बर्ट यांनी १८९० साली काही न मोजता केवळ तर्काने अस्तित्व सिद्ध केले, तेव्हा गॉर्डान यांनी ते गणित नव्हे, धर्मशास्त्र आहे, असे म्हटल्याची आख्यायिका आहे. रेनो-हारबेटर यांनी अस्तित्व दाखवले आणि अभ्यंकरांनी समीकरण हातात दिले. ही दोन्ही कामे वेगळी आहेत आणि दोन्ही हवीत.

या वादात एक गोष्ट मात्र अभ्यंकरांच्या बाजूने बोलते. दोन समीकरणांतून एका चलाचा लोप करण्याच्या जुन्या रीती विसाव्या शतकाच्या मध्यात कालबाह्य ठरवल्या गेल्या. आंद्रे वेल यांनी बैजिक भूमितीतून त्या काढून टाकाव्यात असे सुचवले, आणि ज्यांनी लोप-शास्त्राचा लोप केला त्यांचाच लोप करा, अशा अर्थाचे एक विनोदी पद्य अभ्यंकरांनी रचले. गंमत अशी की, तर्कशास्त्र लोपाकडेच वळले. ‘क्ष² + ब·क्ष + क = ० होईल असा एखादा वास्तव क्ष आहे’ या विधानात ‘आहे’ हा शब्द येतो. ‘ब² − ४क हे ऋण नाही’ या विधानात तो नाही, तरी दोन्हींचा अर्थ एकच. विवेचकाने ‘आहे’चा लोप केला. वास्तव संख्यांच्या बीजगणितातल्या प्रत्येक विधानाबाबत हे करता येते, असे तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी सिद्ध केले. ते काम १९४८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नववी-दहावीतला विवेचक हा तर्कशास्त्रातल्या एका मोठ्या प्रमेयाचा पहिला नमुना आहे. शालेय बीजगणित आणि तर्क यांच्यात भांडण नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

वर्गात काय न्यावे

आता पहिल्या शिक्षकाच्या म्हणण्याकडे वळू. अभ्यंकरांच्या नावावर घोकंपट्टीचे समर्थन करता येत नाही. त्यांच्या तिन्ही प्रश्नांत आकडेमोड आहे, पण आकडेमोडीची पायरी कुठे थांबते याकडे सतत लक्ष आहे. ‘निम्मा घ्या, वर्ग करा, मिळवा’ एवढे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला त⁴ आणि त + त⁶ चे उदाहरण कधीच सुचणार नाही. कारण आपण इथे २ ने भागले, याची नोंदच त्याच्या मनात झालेली नसते. सत्तरच्या दशकात पाठ्यपुस्तकांत संच आले, तेव्हा नेमके उलटे झाले होते. शब्द आले, पण त्यांच्याने सोडवायचा प्रश्न आला नाही. दोन्हीकडे मुलाच्या हाती सूत्र पडते आणि सूत्राची अट हरवते.

दुसऱ्या शिक्षकाचे म्हणणेही टिकत नाही. अभ्यंकरांची सिद्धता आपल्या वर्गात येणार नाही हे खरे, पण त्यांची उदाहरणे येऊ शकतात. नववीच्या वर्गात बहुपदींचा गुणाकार शिकवून झाला की एक तास यासाठी काढावा. फळ्यावर ० आणि १ चे बेरीज-गुणाकाराचे कोष्टक मांडावे. (अ + ब)² चे सूत्र या विश्वात काय होते ते मुलांनाच काढू द्यावे. मधले पद गळाले की वर्गात हशा पिकतो. शाळेत चूक म्हणून खोडले जाणारे उत्तर इथे बरोबर असते. मग क्ष = त⁴, य = त + त⁶ देऊन त परत काढायला सांगावे. दोन-तीन मुलांना तो सापडतोच. शेवटी प्रश्न असा विचारावा : नेहमीच्या संख्यांत ही युक्ती का चालली नाही? कोणत्या ओळीत अडली? ही ओळ ज्याला दाखवता आली, त्याने अभ्यंकर-मोह प्रमेयाची अडचण नेमकी ओळखली असे समजावे.

दहावीत वर्गसमीकरणाचे सूत्र शिकवताना दोन मिनिटे अधिक द्यावीत. सूत्राच्या छेदात २अ आहे. अ शून्य नसावा हे आपण सांगतो आणि पुढे जातो. २ सुद्धा शून्य नसावा लागतो, हे सांगायची शाळेत गरज पडत नाही, पण एकदा सांगून ठेवायला हरकत नाही. परीक्षेत याला गुण नाहीत. अभ्यंकरांनी मात्र १९५५ च्या प्रबंधापासून पुढची कित्येक वर्षे याच एका अटीच्या परिणामांचा पाठपुरावा केला.